बेचाळीस पावत्यांचं अक्षर

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! बेचाळीस गावं, बेचाळीस पावत्या आणि अक्षर एकच.

दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा दोन-दोन पावत्या स्क्रीनवर शेजारी लावून पाहिल्या. मला फ्रेंच येत नाही, त्यामुळे मी शब्दांत अडकत नाही. नुसती वळणं बघतो. सगळीकडे तोच हात.

ग्रॉनियाला दाखवलं. ती आमची साहेब. म्हणाली, लिहून दे. लिहिलं – ‘सर्व पावत्या एकाच व्यक्तीने भरलेल्या दिसतात.’ ‘सर्व’ लिहावं की ‘बहुतेक’, यावर वीस मिनिटं गेली. ‘सर्व’ ठेवलं.

५ फेब्रुवारी

सासूबाईंचा पुण्याहून फोन. जावईबापू नक्की करतात काय, हे त्यांना आज समजून घ्यायचंच होतं. सांगितलं. युरोपातली एक विकास बँक मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाला कर्ज देते. त्यातून खेड्यांत सौर पंप बसतात. पाणी आलं की भाजीपाला, भाजीपाला आला की बाजार, बाजार आला की देशाची वाढ. बँकेच्या पुस्तिकेत असं एक वर्तुळच काढलंय, बाण लावून. पण पैसे हप्त्यांनी सुटतात. पहिल्या बेचाळीस गावांच्या पाणी समित्यांनी ‘पंप मिळाला, चालतो’ अशी पावती दिली, की पुढच्या साठ गावांचा हप्ता. पावत्या तपासायचं काम इथे आयर्लंडमधल्या शॅननच्या आमच्या सात माणसांच्या ऑफिसकडे. तपासणारा मी.

‘म्हणजे बँकेतच की!’ सासूबाई खूश झाल्या. मी हो म्हणालो. त्यांच्या लेकीने, सानिकाने, लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

१२ फेब्रुवारी

हप्ता थांबवला. बँकेच्या पत्रात माझं वाक्य जसंच्या तसं छापलंय. ग्रॉनिया म्हणाली, ‘फेअर प्ले टू यू.’ म्हणजे इथलं शाब्बास. प्रोबेशन एप्रिलमध्ये संपतंय, त्याची काळजी करू नकोस असंही म्हणाली. बायकोच्या परमिटवर आलेला, डिप्लोमा अर्धवट सोडलेला माणूस मी – मला काळजी करू नकोस म्हणणारं इथे दुसरं कोणी भेटलेलं नाही.

बसमध्ये आमचं एनिस गाव येईपर्यंत एकटाच हसत होतो.

५ मार्च

आर्सेनशी व्हिडिओ कॉल. तो तिकडच्या राजधानीतला, बांगीतला इंजिनियर, पंप त्याच्या देखरेखीखाली बसले. चिडेल म्हणून मी उत्तरं लिहून ठेवली होती. चिडला नाही. सावकाश इंग्रजीत म्हणाला, पंप आहेत, चालतात, येऊन बघा. आणि पावत्या तेओफिलने लिहिल्या. तेओफिल शाळेत मास्तर आहे, त्या पट्ट्यात नीट लिहिता येणारा तेवढाच. तीन आठवडे मोटरसायकलवर गावोगाव फिरला. समितीवाल्यांनी सांगितलं ते त्याने उतरवलं, त्यांनी खाली अंगठे लावले.

मग त्याने विचारलं, ‘तुमच्या देशात असं नसतं का?’

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, आठवत नाही.

६ मार्च

असतं. लिहूनच टाकतो.

मेहकरला डिप्लोमा सोडल्यावर दोन वर्षं मी बँकेच्या बाहेर कडूनिंबाखाली टेबल टाकून बसायचो. पैसे काढायच्या स्लिपा भरून द्यायचो. बाजाराच्या दिवशी शंभरेक स्लिपा, सगळ्या माझ्या अक्षरात, खाली शंभर लोकांचे अंगठे. कॅशियरने एकदाही विचारलं नाही की सगळ्यांचं अक्षर एकच कसं. काय विचारणार? खिडकीतून मी दिसायचो त्याला! म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, बाबू, आमचं नाव जरा ठसठशीत काढ. मी काढायचो. अक्षराचा अभिमान तेव्हापासूनचा.

हे ज्याला पहिल्या पावतीलाच कळायला हवं होतं, तो मी. आणि मीच ‘सर्व’ लिहिलं.

ग्रॉनियाला सांगायला हवं. पण मला हे कसं माहीत, तेही सांगावं लागेल. माझ्या अर्जात लिहिलंय – बँकेच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव.

१० मार्च

नाही सांगितलं.

१४ मार्च

ती दिवसभर समोर होती. चहासुद्धा तिनेच आणून दिला. नाही सांगितलं.

२६ मार्च

आर्सेनची मेल. साठ पंप बांगीच्या गोदामात पडून आहेत. हप्ता सुटल्याशिवाय ठेकेदार ट्रक हलवत नाही. एप्रिल संपता संपता पाऊस लागेल, मग रस्ता थेट नोव्हेंबरला उघडेल. खाली एक ओळ वेगळी – खोटे कागद केल्याच्या संशयावरून तेओफिलला पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं होतं. सोडलं. आता वर्गातली मुलं त्याला मागून ‘बनावट मास्तर’ म्हणतात.

सानिकाला वाचून दाखवली. मग सगळंच सांगितलं, तीन आठवडे गप्प बसलो तेही. ती भांडी पुसून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवत होती. हातातली ताटली तशीच धरून म्हणाली, ‘उद्या तू सांगतोस की मी फोन करू? नोकरी जाईल एवढंच ना? मग जाऊ दे. घरी बसून स्लिपा भर माझ्या.’

२ एप्रिल

त्या उद्याला आणखी सहा दिवस लागले. आज सांगितलं. कडूनिंब, टेबल, अर्जातलं खोटं, सगळं.

ग्रॉनिया म्हणाली, तिच्या आजीची अमेरिकेतल्या भावांना जाणारी पत्रं गावचा पोस्टमास्तर लिहायचा. अख्ख्या गावाचीच तो लिहायचा. ‘आणि तिकडे कोणालाही वाटलं नाही की आमच्या गावात एकच माणूस राहतो.’

अर्जाचं काय, मी विचारलं. यू आर ग्रँड, काही बिघडत नाही, म्हणाली, आणि माझ्यासमोरच बँकेला फोन लावला. मी नवीन टिपण लिहिलं. या वेळी शब्द शोधत बसलो नाही.

वाटतंय, हप्ता सुटेल.

१० एप्रिल

बँकेचं उत्तर. तिथली परिस्थिती त्यांना समजते. पण नोंदलेली शंका खुलाशाने मिटत नाही, पुराव्याने मिटते. प्रत्येक समितीने आपल्याच सदस्याच्या हस्ताक्षरात नवी पावती द्यावी.

ग्रॉनियाने फोनवर विचारलं, सदस्यांना लिहिताच येत नसेल तर? पलीकडचा माणूस म्हणाला, मग ती समिती सक्षम कशी म्हणायची?

माझं पहिलं वाक्य खोडून टाका, अशी विनंती केली. तशी सोय नाही. नोंद खोडता येत नाही, खाली दुसरी जोडता येते. जोडली. वरची सगळे वाचतात.

२९ एप्रिल

तिकडे पाऊस लागला. रस्ता बंद. साठ पंप गोदामात.

८ मे

प्रोबेशन गेल्या महिन्यात संपलं, पत्र आज आलं. कायम झालो. सानिकाने शिरा केला, दोन घासांच्या पुढे गेला नाही.

यात कोणी चोर नाही, हेच सहन होत नाही. बँकेचा तो माणूस नियमाने वागला. ग्रॉनिया चांगली. आर्सेनने अजून एक कडू शब्द काढलेला नाही. पैसे आहेत, पंप आहेत, पाणीही जमिनीखाली आहे. तरी साठ गावांतल्या बायका सात महिने पूर्वीसारख्याच लांबून पाणी आणणार. का, तर मेहकरचा एक माणूस शॅननमध्ये खुर्चीवर बसला आणि खिडकीतून बाहेर बघायला विसरला.

पुस्तिकेतलं ते वर्तुळ पुन्हा पाहिलं. बाणांच्या मधे माझी जागा कुठे, ते दाखवलेलं नाही.

२० मे

नव्या पावत्या आल्या. बेचाळीस गावं, बेचाळीस अक्षरं. तिरकी, उभी, थरथरती, एक तर डाव्या हाताने काढलेली. जेवायच्या सुट्टीपर्यंत बघत बसलो. दोन ओळींमधलं अंतर मात्र बेचाळीसही कागदांवर तेवढंच, जुन्या पावत्यांएवढंच. तेओफिल.

पहिल्या पावत्या खऱ्या होत्या. या बनावट आहेत.

शेऱ्यात लिहिलं – ‘हस्ताक्षरे भिन्न. हरकत नाही.’ सही केली. तीन वाजता हप्ता सुटला.