रेडा, शेळी आणि शिंगरू

दि. ४ फेब्रुवारी

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

घरात फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसू नकोस. फोन वाजला की आमच्या ह्यांचे डोळे पेपरात राहतात आणि कान इकडे येतात. तुझा फोन तर दुकानाच्या काउंटरवरच पडलेला असतो. मला जे लिहायचंय ते दोन्ही साडूंनी ऐकण्यासारखं नाही.

तुझ्या लेकीच्या लग्नात आपण दोघांना एका टेबलावर बसवलं, ती आपली हुशारी अंगाशी येते की काय असं मला वाटायला लागलंय. बोलायला लागले याचा आनंद आहेच. पण आता बोलणं थांबेना. दोघांनी मिळून एक छोटी एसयूव्ही घ्यायची, तिच्यात झोपायची फळी, पाण्याच्या टाक्या, जादा बॅटरी बसवायची आणि रस्ता संपतो तिथून पुढे, त्या वरच्या माळरानावर जाऊन आभाळ बघायचं, असा बेत आहे. दुर्बिणीचं नाव मात्र कुणीच काढलेलं नाही.

तीही अशीच मिळून करायला घेतली होती. सगळं झालं आणि स्टँडवर अडलं. ह्यांना लोखंडी हवा होता, तुझ्या औषधवाल्यांना लाकडी. नळी आमच्या गॅरेजात राहिली, भिंग तुझ्या कपाटात राहिलं आणि चार वर्षं तू माझ्या घराची पायरी चढली नाहीस. माझ्या ऑपरेशनला आलीस, हॉस्पिटलात दोन रात्री खुर्चीत काढल्यास आणि तिथूनच परत गेलीस, ते मी विसरलेली नाही. त्यामुळे गाडी कुठलीही घेऊ देत, पण तिच्यापायी आपली ताटातूट परत नको.

ह्यांनी उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढलेली. जे दोघांना उचलतं ते यंत्रच नव्हे असं त्यांचं मत. त्यांनी पसंत केलेली गाडी चौकोनी, जाड चासीची म्हणजे खालच्या सांगाड्याची, चारही चाकांना जोर असलेली आहे. मी तिला रेडा म्हणते. तुझ्याकडे काय चाललंय ते कळव. आपला लोभ गाडीच्या वजनाप्रमाणे कमीजास्त होऊ नये एवढंच मागणं.

तुझी,
ताई


दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोस्टमनने काउंटरवर न ठेवता माझ्या हातात दिलं, तेव्हा काळजी नसावी.

तुझ्याकडे रेडा, तर आमच्याकडे शेळी. आमच्या ह्यांनी जी गाडी धरून ठेवलीय ती नवी, हलकी, पुढच्या चाकांवर ओढणारी, पेट्रोल बेताने पिणारी. त्यांचं म्हणणं, वाळूत जड वस्तू रुतते आणि हलकी तरंगते. सध्या प्रवासाला न्यायची एकेक वस्तू दुकानातल्या काट्यावर चढतेय. काल चमचे जोखले. मी जवळून गेले तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी लांबूनच वळसा घातला.

गंमत म्हणजे चालवणार कोण, हे अजून कुणी विचारलेलं नाही. भावजींना आयुष्यभर खात्याचा ड्रायव्हर होता. आमचे हे गाडी मागे घेताना देवाचं नाव घेतात. दुकानाची व्हॅन खेड्यापाड्यांतून दगडगोट्यांवरून रोज मी हाकते, पण मला कोण विचारतं.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. परवा दोघांचा फोन झाला तो फारच सभ्यपणे झाला. तुमचंही बरोबर आहे, तुमचंही बरोबर आहे, असं चाललं होतं. स्टँडच्या वेळी भांडणाच्या आधी असाच सभ्यपणा सुरू झाला होता. येत्या रविवारी दोघं आपल्या मधल्या गावी, त्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात जाऊन सौदा ठरवणार आहेत. तोवर काहीतरी करायला हवं, ताई. मला तुझ्याकडे यायला कारण लागू नये, एवढं मला हवंय.

भावजींना नमस्कार. आशीर्वादाला काटा लावू नये, भरपूर पाठवावेत.

तुझी,
चिंगी


दि. १५ फेब्रुवारी

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

काम फत्ते. ह्यांना मी शेळीवर आणलंय.

वाद घातला असता तर जन्मात जमलं नसतं. त्याऐवजी शेजारी तसलीच एक उंच गाडी उभी होती, तिच्यात मला बसवून दाखवा म्हटलं. पाय उचलला, गुडघ्याने नाही म्हटलं, मग ह्यांनी मागून जोर लावला आणि शेजारीण गॅलरीतून बघत राहिली. उतरताना दोघांना घाम फुटला. दोन दिवस घरात येरझाऱ्या झाल्या आणि काल चहा पिता पिता ह्यांनी स्वतःच जाहीर केलं की हलक्या गाडीतही तथ्य आहे. आज तर तथ्य एवढं वाढलंय की हलकी गाडी ही मूळची त्यांचीच कल्पना होती असं ते मला समजावतायत.

तू तुझ्या ह्यांना काही सांगू नकोस. रविवारी त्यांना आयता आनंद मिळू दे. आज किती दिवसांनी मी शिवणाच्या क्लासात गुणगुणले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

तुझ्या सुखरूप येण्याची आणि व्हॅन सावकाश चालवण्याची वाट बघणारी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता निर्धास्त झोप. आमचे हे रेड्याला तयार झाले.

परवा माल पोचवून व्हॅन रिकामी झाली, तेव्हा येताना त्यांना खाणीच्या रस्त्याने आणलं. हलकी गाडी तरंगते म्हणत होते ना, म्हटलं तरंगून बघू. मी वेग जरा सढळ हाताने ठेवला. पहिल्या उंचवट्यावर टोपी गेली, दुसऱ्यावर डोकं टपाला लागलं, तिसऱ्यानंतर त्यांनी मला विचारलं की गाडीत काही वजन ठेवता येईल का. घरी आल्यावर डोक्याला मलम लावत त्यांनी कबूल केलं की जडपणात एक प्रकारचं स्थैर्य असतं. रात्रीपर्यंत त्यावर छोटंसं व्याख्यान तयार झालं होतं.

भावजींना आधी काही बोलू नकोस. रविवारी ते कसे खूश होतात ते मला सविस्तर कळव.

मोठ्या कामगिरीवरून परतलेली, शाबासकीची वाट बघणारी,
चिंगी


दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. चिंगीस,
अ. आ.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझं माझ्या हातात पडलं सोमवारी, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. कपाळाला हात लावून मी शिवणाच्या मशीनवर बसून राहिले.

ह्यांच्याकडून कळलं ते असं. आवारात शिरता शिरताच ह्यांनी मोठ्या मनाने सांगितलं की तुमचंच खरं, हलकी घेऊ. तुझ्या ह्यांनी तेवढ्याच मोठ्या मनाने सांगितलं की छे, तुमचंच खरं, जड घेऊ. थोडा वेळ दोघं एकमेकांना आग्रह करत होते. मग ह्यांना वाटलं की आपली थट्टा चाललीय. तुझ्या ह्यांनाही तेच वाटलं असणार. त्यानंतर दोघांनी आपापल्या नव्या मताची बाजू इतक्या त्वेषाने मांडली की विकणारा हळूच आत निघून गेला. एकमेकांचा निरोपही न घेता दोघं आपापल्या बसने परतले. काल ह्यांनी गॅरेजातल्या नळीवर आणखी एक चादर घातली आणि येत्या महिन्यात तुझ्याकडे यायचं ठरलं होतं ते रद्द, असं भिंतीकडे बघून सांगितलं.

चिंगे, हसू येतंय तितकंच रडूही येतंय. मागच्या वेळी आपण दोघी गप्प बसलो. पुरुषांचं आहे, निवळेल, असं म्हणत राहिलो आणि चार वर्षं गेली. आता माझं वय बघता अशी चार वर्षं मला परवडणार नाहीत. तुला भेटायचं तर मला भेटायचंय, त्याला कुणाची परवानगी आणि कुणाचा स्टँड मला नको. म्हणून सांगते ते कर. गुरुवारी तुझी व्हॅन मधल्या गावाला जाते ना, तेव्हा त्या आवारापाशी थांब. मी मापाची टेप घेऊन येते. गाडी आपण बघू.

नक्की ये. आशीर्वाद तिथेच समोरासमोर देईन.

ताई


दि. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येते. घोडचूक आपली दोघींची, तेव्हा निस्तरायलाही दोघीच.

आमच्याकडेही चित्र तेच. भिंगाचं कपाट कुलूपबंद झालं आणि किल्ली खिशात गेली. काल जेवताना हे एकदम म्हणाले की साडूंना खाण्यापिण्यावर लक्ष ठेवायला कुणी सांगतं की नाही कोण जाणे, आणि मग रागावल्याचं आठवून जोरात भात कालवायला लागले. म्हणजे माया आहे गं, वाट सापडत नाही एवढंच.

माझ्या वाटेवर एक गुरांची डॉक्टर आहे. तिच्याकडे एक आखूड, चौकोनी, छोटी गाडी आहे. चासी पक्की, चारही चाकांना जोर, पण अंगाने हलकी. आखूड असल्याने उंचवट्यावर पोट टेकत नाही. जादा चाक मागच्या दारावर लटकवलेलं. परवा तिने मला ओढ्यातून चालवून बघू दिली. रेडा नव्हे, शेळीही नव्हे, शिंगरू आहे. तसलंच एक त्या आवारात मागच्या बाजूला उभं आहे, मी येता-जाता बघितलंय.

गुरुवारी भेटू. लोभ बरोबर आणावा, डबा मी आणते.

तुझी,
चिंगी


दि. १९ मार्च

चि. सौ. चिंगीस,
अनेक उत्तम आणि या वेळी निवांत मनाने आशीर्वाद.

त्या गुरुवारी तू शिंगराला मातीच्या ढिगावर चढवून उतरवलंस आणि मी मागची सीट पाडून आत आडवी होऊन टेप लावली, तेव्हा विकणाऱ्याने विचारलं होतं की घरचे कधी येणार. त्याचं तोंड मला अजून आठवतं. पायरीचं म्हणशील तर माझा गुडघा एका दमात आत गेला. तिथेच माझ्यापुरता निकाल लागला होता.

घरी काय होईल याची धाकधूक होती, आणि झालं ते आपल्या दोघींच्या स्वप्नातही नव्हतं. बायकांनी परस्पर गाडी घेतली म्हटल्यावर ह्यांनी पहिली गोष्ट केली ती तुझ्या ह्यांना फोन लावायची. इतक्या दिवसांचा राग, पण या संकटात त्यांना दुसरं कोण समजून घेणार. तासभर दोघांनी शिंगराला नावं ठेवली. टप लहान, इंजिन लहान, आवाज फार. दुसऱ्या दिवशी तुझे हे प्रत्यक्ष दोष दाखवायला आले ते आजतागायत आमच्याच घरी आहेत. नुसत्या टीकेने काय होणार म्हणून आधी झोपायची फळी केली. जाडी ह्यांनी ठरवायची आणि वजन तुझ्या ह्यांनी, त्यामुळे ती तीनदा कापली. पण भांडण नाही. चूक झाली की दोघं मिळून आपल्या दोघींच्या नावाने खडे फोडतात आणि कामाला लागतात.

काल गॅरेजातून दोघांचं हसणं ऐकू आलं. मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला काल कळलं.

चाचणीच्या फेरीला आपण दोघींनी जावं असा ठराव झालाय, कारण चालवायला तू लागतेस आणि ह्यांना बॅटरीची दुसरी पेटी पुरी करायचीय. कपडे बेताचे आण, नाहीतर तुझे हे जोखतील.

तुझी वाट बघणारी,
ताई


दि. ६ एप्रिल

उभयतांस,
स. न. वि. वि.

उभयतां म्हणजे खरं तर नवराबायको, पण सध्या तुम्ही दोघंच एका घरात संसार करताय, तेव्हा हेच शोभतं. दोघांना मिळून एका पत्त्यावर हे पहिलंच पत्र. अक्षर माझं, म्हणजे ताईचं आहे, मजकूर दोघींचा. खाली वस्तीवरच्या दुकानात टाकू, पोचेल तेव्हा पोचेल.

शिंगरू गुणी निघालं. दोन्ही ओढे चिंगीने न थांबता पार केले. दगडांच्या चढावर मी डोळे मिटले होते, उघडले तेव्हा आम्ही वर होतो. फळी कुरकुरली नाही. पेटीचं झाकण उघडतं, तेवढं ठीक करा.

आता मुद्द्याचं. पहिल्या संध्याकाळी टपावरून गादीची वळकटी खाली घेतली तर ती उलगडेना. आत नळी होती, चादरीसकट. मी चिंगीकडे बघितलं. भिंगाशिवाय नळीचा काय उपयोग, हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही, पंपवाले. तरी बांधून दिलीत. मग मी चहा टाकला.

काल सकाळी चिंगीच्या अंगठ्यात काटा गेला. औषधांची पेटी उघडली तर कापसाच्या गुंडाळीत भिंग. लागल्याशिवाय उघडू नका असं औषधवाल्यांनी दोनदा का बजावलं होतं ते कळलं. महिनाभर एका छताखाली राहून, एका ताटलीतले शेंगदाणे खाऊन, दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नाहीत. काटा तसाच ठेवून चिंगी तिथे खडकावर बसून रडली, आणि मग मीही रडले. चार वर्षांचं रडू होतं, त्याला दहा मिनिटं लागली.

भिंग नळीत आट्यांवर नीट बसलं. स्टँड लोखंडी लागला नाही आणि लाकडीही लागला नाही. मागच्या दारावरच्या जादा चाकावर उशी ठेवली, उशीवर नळी ठेवली आणि दिवस कलताना चंद्र वर आला तो बघितला. खड्डे दिसतात त्याच्यावर, स्वच्छ. एकीने बघायचं, दुसरीने नळी धरायची, असं आळीपाळीने बराच वेळ चाललं होतं.

आटे आता घट्ट बसलेत आणि आम्ही ते सोडवणार नाही. दुर्बीण कुणाच्या घरी ठेवायची यावर विचार करू नका, मत बनवू नका, मुख्य म्हणजे मोठ्या मनाने एकमेकांना देऊ करू नका. आमचं ठरलंय. ती गाडीतच राहील, आणि गाडी आमच्याकडे.

शनिवारी पोचतो. तोवर एकमेकांवर लोभ असू द्यावा.

तुमच्या,
ताई आणि चिंगी