मुखपृष्ठ व सजावट

९ डिसेंबर

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा खोकला गेला. वहिनीचा गुडघा कसा आहे?

समारंभात तुझं अभिनंदन करायचं राहिलं. मी सातव्या रांगेत होते. तू पाहिलं नाहीस.

बालसाहित्याचा पुरस्कार, आणि तोही लेखनासाठी. परीक्षकबाईंनी मानपत्र वाचलं, "मरण हा शब्दही न वापरता लेखकाने आजोबांचं जाणं सांगितलं आहे. रिकाम्या खुर्चीची ती चार पानं कुठलंही मूल विसरणार नाही." तू मान डोलावलीस. दादा, त्या चार पानांवर एक अक्षर नाही.

अक्षरं होती. अकरा ओळी होत्या, त्यात आकाश होतं, चांदणी होती. मी म्हटलं, काढ. तू म्हणालास, "बाईसाहेबांनी आपलं रंगकाम बघावं." दोन आठवडे माझा फोन उचलला नाहीस. शेवटी संपादकांनी त्या कापल्या, तर त्यांच्यावर डाफरलास.

मग भाषणात माझी आठवण झाली. "माझ्या बहिणीने सजावट गोड केलीय." पुस्तकातही तेच छापलंय, मुखपृष्ठ व सजावट. सजावट दुकानाच्या काचेची करतात.

हेही गिळलं असतं. कारण प्रवेशिका मीच भरली होती. पुस्तक एकाच विभागात पाठवता येतं, लेखन किंवा चित्रं. मी लेखनावर खूण केली. तुझी आधीची तीन पुस्तकं पडून होती, आणि बाबा म्हणायचे, त्याला सांभाळून घे. तेव्हा बक्षीस तू पळवलंस असं मी म्हणत नाही. मीच तुझ्या ताटात वाढलं.

पण त्या वार्ताहर मुलीने विचारलं, "ही शांतता कुठून आली?" आणि तू म्हणालास, "ती मी जगलोय."

कधी?

बाबा सात महिने त्या खुर्चीत होते. भरवायचं, पुसायचं, सावरून बसवायचं. त्यांचा डोळा लागला की मी कागदावर खुर्ची काढायची. नुसती खुर्ची. त्यांना काढायचा धीर झाला नाही. तू तिसऱ्या दिवशी आलास. मी ती धुऊन उन्हात ठेवली होती. तू तिच्यावर बसलास आणि चहा मागितलास.

दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जातेय. पहिलीत रंग फिके आले, म्हणून प्रकाशकांना मूळ चित्रं पुन्हा हवीत. ती माझ्या कपाटात आहेत. तू त्यांना स्वतःच्या हाताने लिही, सजावट हा शब्द काढा, दोघांची नावं एका ओळीत, एका आकारात घाला. त्या चार पानांचं खरं काय तेही लिही. रविवारपर्यंत तुझं पत्र त्यांना मिळालं नाही, तर चित्रं मिळणार नाहीत. मग ती खुर्ची तू काढ. जगलायस ना.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. लोभ नसता तर हे पत्र परीक्षकबाईंना गेलं असतं.

तुझी बहीण,
चित्रकार