पेडलवर आईचा पाय

४ मार्च
चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईपुढे मी हात टेकले. पुढच्या महिन्यात तुला आणि बाळाला गाडीने आणायचं, तर ब्रेकमध्ये हवा शिरलेली. पेडल गादीसारखं दबतं. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सैल करून तेलाबरोबर हवा सोडायची. स्क्रू आवळला की मगच पाय उचलायचा. पण ही आधीच उचलते आणि हवा परत आत! तीन रविवार वाया. ओरडलो तर म्हणते, मला वाटलं झालं. जन्मभर शिवणयंत्र चालवलेली बाई ही! गॅरेजात द्या म्हणू नकोस. तीस वर्षं बस डेपोत ब्रेकच केले मी.

बाळाला पापा.
— बाबा

८ मार्च
चि. ताई, आशीर्वाद.

ह्यांचं गाऱ्हाणं पोचलंच असेल. अगं, पाय मी मुद्दाम उचलते. ह्यांना हल्ली डावीकडचं दिसत नाही. परवा ताटातली भाजी दिसली नाही, तर वाढली नाहीस म्हणून माझ्यावरच डाफरले. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात. गाडी सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, खचतील गं. त्यापेक्षा मी वेंधळी ठरलेली बरी. तू बोलू नकोस.
— आई

१२ मार्च
ती. आईस सा. न.

तुम्हा दोघांपुढे कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं! उद्या ते तशीच गाडी बाहेर काढतील, हे सुचलं नाही तुला? आम्ही बसने येऊ. त्यांना तोंडावर सांग, नाहीतर मी सांगते. इथे जिवाला घोर लागलाय.
— तुझी ताई

२० मार्च
चि. ताईस आशीर्वाद.

शेवटी शेजारच्या मास्तरांना पेडलवर बसवलं आणि तासाभरात काम फत्ते. मग आईला शेजारी बसवून ऐटीत निघालो. वळणावर ती किंचाळली, मी ब्रेक दाबला. डावीकडे हातभर अंतरावर एक सायकलवाली बाई उभी होती. मला ती दिसलीच नव्हती.

गाडी कडेला लावून आम्ही चालत घरी आलो. वाटेत आईने सगळं सांगितलं. चिडलो नाही, लाज वाटली. सोमवारी डोळे दाखवायला जातोय, आईच घेऊन जाणार आहे.

गाडी जावईबापूंनी येऊन न्यावी. ब्रेकची काळजी करू नका म्हणावं, ते मी स्वतः केलेत.

माया आहेच, राहू द्यावी.
— बाबा