बेटावरच्या तेरा गाद्या

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं वाकतात.) तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? मागच्या पत्रात तू त्याच्याबद्दल असं लिहिलं होतंस, जणू तो तुझ्या शाळेतला नापास विद्यार्थी आहे. मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून सहा वर्षं झाली तरी तू कुणाला ना कुणाला वळण लावतेच आहेस, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. ठीक म्हणजे उभे आहेत.

तुला आठवत असेल, दोन महिन्यांपूर्वी तुझ्या भावजयीला स्वयंपाकघरात चक्कर आली होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, यांना औषध नको, आठ दिवस घराबाहेर शांतता पाहिजे. मी हिला विचारलं, तुला काय हवं ते सांग. मला वाटलं, साडीबिडी मागेल. ही म्हणाली, मला आठ दिवस कुणी हाक मारायला नको. बस, एवढंच. (दुसऱ्या दिवशी मी मोजलं. सकाळपासून जेवणापर्यंत हिला एकतीस हाका गेल्या. त्यातल्या अठरा माझ्या, आणि त्यातल्या चार माझी मोजपट्टी कुठे आहे हे विचारायला. ती माझ्या हातात होती.)

म्हणून बेट ठरवलं. अगदी चिमुकलं बेट आहे, होडी आठवड्यातून एकदाच जाते, त्यामुळे पाहुण्यांची भीती नाही, असं मला वाटलं. दीपगृहाचे एक जुने राखणदार तिथलं आपलं घर भाड्यानं देतात. मी त्यांना सतरा प्रश्न पाठवले. पाणी कसं, डास किती, वारा कुठल्या बाजूचा. त्यांचं कार्ड आलं, 'खोल्या दोन. या.' मग मी खोल्यांची मापं मागवली, कारण नगररचना खात्यात बावीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला मापाशिवाय झोप लागत नाही. त्यांनी मापं पावलांत कळवली. मी पावलाची लांबी विचारली. त्यांनी उलट टपालानं आपली एक जुनी चप्पल पाठवली. त्या चपलेवरून मी एकास पन्नास प्रमाणात घराचा नकाशा काढला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा, बाजूला समासात उत्तरेचा बाण. गाद्या म्हणून पुठ्ठ्याचे चार तुकडे कापले, हिचा, माझा आणि दोन्ही पोरांचा. प्रत्येकावर नाव घातलं आणि नकाशा बैठकीच्या खोलीत भिंतीला लावला. कुऱ्हाडीवर पाय मारून घेतला तो इथे.

मोठे काका आणि काकू सहज म्हणून आले होते. काकांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, खिडकीखाली बरीच जागा मोकळी दिसते. आता आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. आपण म्हणायचं, मग तुम्हीही चला ना, आणि समोरच्यानं म्हणायचं, छे छे, तुम्ही जाऊन या. मी माझं वाक्य म्हटलं. काका त्यांचं विसरले. त्यांच्याकडून बातमी मेव्हण्याला कळली, तो बायको आणि तीन पोरं घेऊन नकाशा 'नुसता बघायला' आला. मग आत्या. आत्याला शिवणयंत्राशिवाय करमत नाही, सबब यंत्रासाठी वेगळा तुकडा. खालचे दंतवैद्य तर आमची मोरी गळते अशी तक्रार घेऊन वर आले होते, ते व्हरांड्यात जागा धरून खाली गेले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, हिच्या हातचं जेवण असलं की आम्हाला बाकी काही नको.

हिनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, अहो, त्या घरात चौघांच्या वर माणसं मावायची नाहीत. ताई, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर सगळ्यांना तेच सांगून मोकळे झालो असतो. ती बिचारी मला दोर टाकत होती. पण मला वाटलं, ही माझ्या नकाशावर शंका घेते आहे. दोन संध्याकाळी खपून, गाद्या आडव्यातिडव्या लावून, मी तेरा माणसं आणि एक शिवणयंत्र त्या घरात बसवून दाखवलं. दार उघडायलासुद्धा जागा ठेवली. मग मोठ्या अभिमानानं हिला हाक मारली. (एकदा नाही, तीनदा.)

ही पदराला हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, माझी गादी कुठे? मी शोधली. यंत्राला जागा करताना मीच ती सरकवली होती, स्वयंपाकघरात, चुलीच्या आणि पिंपाच्या मधे. तिनं आपला तुकडा नखानं सोडवला आणि घराच्या बाहेर, समासात, उत्तरेच्या बाणाशेजारी लावला. मी म्हटलं, अगं, तिथे काहीच नाही. ती म्हणाली, हो ना. मला फार वाईट वाटलं, ताई, आणि अजूनही वाटतं आहे.

तर असं आहे. होडी पुढच्या शनिवारी आहे. तुला काळजी नको म्हणून कळवलं, बाकी मागणं काही नाही. गुडघ्याला जप. थकलेल्या भावावर माया असू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. एक मागणं आहे. हिच्या जागी तू बेटावर जाशील का? स्वयंपाक तू करणार नाहीस, पण बाकी बारा जणांकडून करून घेशील, हे मला ठाऊक आहे. काका अजून तुझ्यापुढे हात धुऊनच जेवायला बसतात. आणि तुझ्या घराची किल्ली शेजारी ठेव. आठ दिवस ही तिथे एकटी राहील. मी हिला विचारलं, तर ही आधी रडली आणि मग चप्पल शोधायला लागली. नाही म्हणू नकोस.

ता. क. आठवणीवरून तुझ्या घराचा नकाशा काढून पाहिला. (राखणदारांची चप्पल कामाला आली.) दाराआड आणखी एक गादी नीट बसते. बेटावर बारा जणांत तुला मोकळं वाटेल, आणि मी तुझ्या घरी हिला हाक मारणार नाही, खोकणारसुद्धा नाही. हिला नकाशा दाखवला. हिनं शांतपणे खोडरबर मागितलं. मी दिलं.