टेबलावरचं मांजरपाट

बाबा, तुमच्या नातसुनेने भाऊबीजेचं जेवण टेबलावर मांडलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. पोरगी पुण्याकडची, सासरची पहिलीच दिवाळी, हौस दांडगी. पण कसलाच धड रंग नाही हो. मातकट ताटल्या, बिस्किटाच्या रंगाचे हातरुमाल, बरणीत वाळलेलं गवत. चंद्रपुरात राहून कोणी गवत विकत आणतं का? मी झेंडू ठेवला तर म्हणाली, "आई, पिवळा फार अंगावर येतो." लोणचं लाल, म्हणून ते स्वयंपाकघरात हद्दपार. पुरणपोळी तेवढी रंगात बसली आणि वाचली.

एवढंही मी गिळलं असतं. पण खाली अंथरलेल्या कापडावरून हात फिरवला आणि बोटांनीच ओळखलं. कोरं मांजरपाट. तुमच्या कापडदुकानात लहानाची मोठी झालेली मी, मला कोण फसवणार? तो तागा तुम्ही सगळ्यात मागच्या फळीवर ठेवायचात. मयतासाठी कोणी न्यायला आलं की कात्री न लावता हाताने फाडून द्यायचात, आणि त्या एकाच गिऱ्हाइकाला "पुन्हा या" म्हणायचा नाहीत. हे मी पुढे बघून बघून शिकले. नऊ वर्षांची असताना कुठे माहीत होतं? दिवाळीच्या दिवशी दुकानात फराळाच्या ताटांखाली मी त्याचाच तुकडा अंथरते. तुम्ही गादीवरून उठता, एका हिसक्यात तो ओढून काढता. लाडू दुकानभर. "हे नाई," एवढंच म्हणता. काऊन नाही, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. त्याचा मला अजून राग आहे.

आणि मी काय दिवे लावले? आत्या यायला अर्धा तास होता. तुमची बहीण आता नव्वदीला टेकली आहे, ते कापड पाहून तिला काय वाटलं असतं? मी ताटल्या बाजूला केल्या आणि ओढून काढलं. पोरगी बघतच राहिली. "आई, का? आठ दिवस बसून काठ शिवलेत मी हाताने." सणाच्या दिवशी, तिच्या तोंडावर, मयताचं नाव कसं काढू? म्हणाले, "डाग हाय त्याले." आणि द्राक्षांच्या चित्रांचं जुनं प्लास्टिक अंथरलं.

आत्या आली, पोटभर जेवली. मग खुर्चीवरची ती घडी मांडीवर घेऊन चाचपत बसली. "काऊन वं, हे आथरलं नाई? किती मऊ हाय. आमच्या पोराइले ह्याचेच तर लंगोट शिवत होतो." आता बोला. जिच्यासाठी एवढा तमाशा केला, तिला त्याचं काहीच नाही. पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि मी ताटं उचलायला लागले.

पाहुणे गेल्यावर तिने ते कापड भिजवलं. दोनदा धुऊन झालं. आत्ता ती गॅलरीत ते उजेडाला धरून उभी आहे आणि विचारते, "आई, कुठे होता हो?" मी म्हणाले, निघाला असन आता. हे सगळं तिला सांगायचं, तर मी तुम्हाला लिहीत बसले आहे. डाग नव्हताच, बाबा.