चिमा आऊट झाली

रत्नागिरी, ता. ६ मे १९८४

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या भागोजीचा दंडवत. इकडे सर्व खुशाल, माझी कंबर सोडल्यास. वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावे. कंबरेचं कारण तुमची लेक, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईची खोली अपुरी पडते म्हणून तुम्ही चिमाला आमच्याकडे ठेवलीत. पण वाडीतल्या पोरांनी तिला लगोरीत घेतली ती कच्चं लिंबू म्हणून. म्हणजे धावायचं सगळ्यांबरोबर, पण चेंडू लागला तरी आऊट नाही आणि लगोरी लावली तरी धरायची नाही. पोर घरी येऊन गप्प जेवायची. मी म्हटलं, दोस्ती पोटातून जाते, आणि तुम्ही पाठवलेला बिस्किटांचा डबा तिच्या हाती दिला. (तुळसा नको म्हणत होती, पण बायकोचं ऐकायची आपल्या घराण्यात रीत नाही.) पोरांनी डबा चाटूनपुसून संपवला आणि तिला पुन्हा कच्चं लिंबूच ठेवलं, फक्त आता जरा प्रेमाने.

मग मी स्वतःच धोतर खोचून उतरलो, म्हटलं पोरीला दाखवू कसं खेळतात ते. धावलो तो थेट माडाच्या आळ्यात पडलो. टोळीची म्होरकी हमिदा (वजीर तांडेलांची नात) मला उठवत म्हणाली, "काका, तुमी पन कच्चं लिंबू." पुढे एकही चेंडू माझ्या वाटेला आला नाही. दादा, वाईट वाटलं हो. घरी येताना चिमाने विचारलं, "काका, तुमाला राग नाय आला?" आला, म्हटलं. "मला पन येतो," ती म्हणाली. मी तिला खाऊ दिला, पण इतके दिवस हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने गेली आणि हमिदाला म्हणाली, "मला खरी धरा, नायतर मी खेळत नाय." हमिदाने अट घातली, "आऊट झालीस तर रडायचा नाय." पहिलाच चेंडू पाठीत बसला. पोर धावत घरी आली ती पाठ दाखवतच, "काका, मी आऊट झाले!" आपल्या घरात पास झाल्याचाही एवढा आनंद कोणी केला नसेल. माझे डोळे भरून आले. आता हमिदा रोज अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून तिला हाक मारते आणि बिस्किटांची चौकशी करत नाही.

आपला,
भागोजी

ता. क. बिस्किटं मात्र पाठवत जावीत. चहाबरोबर मला लागतात.

आणखी ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मी अजून कच्चं लिंबूच आहे. चिमाने हमिदाकडे माझ्यासाठी शब्द टाकावा, असं तुम्ही तिला लिहावं. मी सांगून पाहिलं. म्हणाली, "काका, ह्या ज्याचा त्यानीच सांगायचा असता."