यंत्र येईपर्यंत स्थानबद्ध

प्रति,
मा. अधीक्षक,
कुलूपबंद पुरावे विभाग,
अभियोग कार्यालय, बीर सफसाफ.

विषय : कु. रिहाब नौफल अयारी हिला बजावलेले हजेरीपत्र रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपले हजेरीपत्र, मरहूम नौफल अयारी यांच्या चाळिसाव्याच्या दिवशी मिळालेले.

महोदय,

१. अर्जदार दोर्साफ अयारी ही मरहूम प्रा. नौफल अयारी यांची पत्नी असून गावातील शाळेत शिवण शिकवते. तिचे पती महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत. एकदा रेडिओवरील भाषणात त्यांनी सांगितले होते की, दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. जगातली गुपिते याच अडचणीच्या आडोशाला सुरक्षित आहेत. क्वांटम संगणक आला की हा आडोसा जाईल. "ही कुलपं फार तर पाच वर्षांची सोबती," असे ते हसत म्हणाले. ते हसणे फार महागात पडले.

२. त्यांचा विद्यार्थी वजदी याने इटलीला चोरून जाणाऱ्या नावेत बसण्यापूर्वी सरांना एक कुलूपबंद फाइल पाठवली. नाव बुडाली, वजदी बुडाला, किल्ली त्याच्याबरोबर गेली. फाइलीत काय आहे हे पतीस ठाऊक नव्हते. तरी ती बाळगल्याच्या आरोपाखाली आपल्या विभागाने त्यांना उचलले. तत्कालीन अधिकारी अर्जदारास म्हणाले, "बाई, पाच वर्षांत उघडेल असं तुमचे प्रोफेसरच रेडिओवर सांगून गेलेत. मग थांबू की पाच वर्षं. आम्हाला कुठे घाई आहे?"

३. पाच वर्षे उलटली, यंत्र आले नाही. फाइल कधीच उघडणार नसेल तर तो पुरावा धरता येणार नाही आणि आरोपी सुटेल, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले व तज्ज्ञाचे मत मागवले. या विषयाचा तज्ज्ञ प्रांतात एकच होता. कोरा कागद त्यांच्या कोठडीत पोचता झाला.

४. भेटीच्या जाळीपाशी अर्जदाराने हात जोडले. "लिहा ना, असं यंत्र होणारच नाही म्हणून! एक ओळ लिहा आणि घरी चला."
"पण होणार आहे गं," ते म्हणाले. "कधी, ते सांगता येत नाही. तेवढंच लिहीन."
"रिहाब विचारते, अब्बा कधी येणार. तिला काय सांगू?"
ते म्हणाले, "तिला खोटं सांगू नकोस."
कागदावर त्यांनी यंत्र होणार आहे, कधी ते सांगता येत नाही, एवढेच लिहिले. त्यांच्याच सहीच्या आधारे स्थानबद्धता "यंत्र उपलब्ध होईपर्यंत" वाढवण्यात आली.

५. पुढच्या हिवाळ्यात छातीत पाणी होऊन ते कोठडीतच वारले. औषधाची मागणी "प्रकरण प्रलंबित" या शेऱ्यासह परत आली होती. प्रेत ताब्यात देताना आपल्या शिपायाने अर्जदाराकडून पोच घेतली व वर विचारले, "किल्लीबद्दल शेवटी काही बोलले का?"

६. अर्जदाराची समजूत अशी होती की माणूस गेला म्हणजे प्रकरण मिटले. तथापि फाइल ही मालमत्ता असून ती वारसाकडे जाते, असे आपले हजेरीपत्र म्हणते. रिहाबला नुकताच राजधानीत भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. खुलासा मागण्यास अर्जदार स्वतः आपल्यासमोर उभी राहिली असता आपण बसल्या जागेवरून फर्मावलेत, "बापाला नाही जमलं, पोरगी उघडेल. आणि नाहीच जमलं, तर वय लहान आहे. वाट बघायला वेळ आहे तिच्याकडे."

७. सबब नम्र विनंती की, हजेरीपत्रावरील मुलीचे नाव खोडून तेथे अर्जदाराचे नाव घालावे. ती कोणत्याही दिवशी आपले अंथरूण घेऊन हजर होईल. अर्जदारास गणित येत नाही. वाट पाहता येते.

आपल्या हुकुमाच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही) दोर्साफ अयारी
बीर सफसाफ, दि. ११ मार्च

सोबत : अर्जदाराचे मूळ ओळखपत्र. परत करण्याची गरज नाही.